समोर दिसणारा काठ

(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



आयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि आठवडाभर विचार केला. मग लक्षात आलं की त्या विषयावर तुमची मुलं तुम्हाला रोज जेवताना व्याख्यान देत असणार. म्हणून विषय बदलायची परवानगी मागितली. आज मी आपल्या पुलाबद्दल बोलणार आहे. मोठागाव-माणकोली पूल. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी आज येताना तो ओलांडला असेल आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याला शिव्या घातल्या असतील.

आधी थोडं मागे जाते. नववीत भूगोलाच्या बाईंनी आपल्याला ठाणे जिल्ह्याचा नकाशा काढायला लावला होता. उल्हास नदी निळ्या पेन्सिलने काढायची, खाडी जरा गडद. मी नदी काढली आणि डोंबिवलीच्या समोर, पलीकडच्या काठावर एक ठिपका दिला. बाईंनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "माणकोली. आमच्या गच्चीवरून दिसतं." बाई म्हणाल्या, "दिसतं ना? मग जाऊन दाखव."

त्या वेळी तो विनोद होता. डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदरावर उभं राहिलं की पलीकडचा काठ असा समोर दिसायचा. गणपती विसर्जनाला आपण सगळे तिथेच जमायचो. पण गाडीने तिथे जायचं तर कल्याण, दुर्गाडीचा पूल, कोन, रांजनोली नाका आणि मग नाशिक हायवेने परत मागे. समोर दिसणाऱ्या काठासाठी अख्ख्या कल्याणला वळसा. ठाण्याला जायचं तर दुसरा रस्ता मानपाड्यावरून शिळफाटा, मुंब्रा बायपास आणि खारेगाव. रस्त्याने ठाण्याला जायचं ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती. ठाण्याला लोकलने जायचं. बाबा पस्तीस वर्षं लोकलने फोर्टात गेले. मी माटुंग्याला इंजिनिअरिंगला लोकलनेच गेले.

इतिहासाच्या सरांना आठवत असेल, त्यांनी आपल्याला दुर्गाडीला सहलीला नेलं होतं. तिथे खाडीकडे बोट दाखवून ते म्हणाले होते की हा आपल्या भागातला सगळ्यात जुना हमरस्ता आहे. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांची नोंद आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची पहिली जहाजं इथेच बांधायला घेतली. म्हणजे तेव्हा नदी जोडत होती. मग १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी आली, १८५४ मध्ये ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली, आणि हळूहळू आपण नदीकडे पाठ करून रुळाच्या दोन्ही बाजूंना घरं बांधली. ज्या नदीने गाव वसवलं, तीच पुढे कुंपण झाली. आपलं शहर रुळावर वाढलं, रस्त्यावर नाही. आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं.

किती वाढलं? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळ होती, ठाण्याची अठरा लाखांच्या वर. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण कल्याण-शिळ रस्त्याने एकदा जाऊन टॉवर मोजले तरी पुरे. सत्तावीस गावं २००२ मध्ये महापालिकेतून बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आत आली. या काळात इमारती मात्र कोणाची वाट बघत थांबल्या नाहीत.

आता माझी गोष्ट. लग्नानंतर मी ठाण्याला माजिवड्याला राहायला गेले. बाबा गेल्यावर आई डोंबिवलीत एकटी. ठाणे ते डोंबिवली म्हणजे लोकलने पंचवीस मिनिटं, त्यामुळे काळजी वाटायची नाही. २०२२ च्या जुलैमध्ये एका दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. आई बाथरूममध्ये पडली होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि गाड्या खोळंबल्या होत्या. मी टॅक्सी केली. खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा. शिळफाट्याला गाडी थांबली ती थांबलीच. काकूंनी आणि सोसायटीतल्या मुलांनी आईला दवाखान्यात नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांना ऑपरेशनसाठी घरच्या माणसाशी समोरासमोर बोलायचं होतं. मी फोनवर "निघालेच आहे, पोचतेच आहे" म्हणत होते आणि माझ्यासमोर एका ट्रेलरचा मागचा दिवा होता, तोच तो, तासभर. घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंत तीन तासांना दहा मिनिटं कमी. आई शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "अगं, एवढी धावत कशाला आलीस?" मला हसावं की रडावं कळेना.

यात चूक कोणाचीच नव्हती. पाऊस होता, गर्दी होती. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी ठरवलं की आईला ठाण्याला न्यायचं. तिला हे सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. गप्प बसलेली आई तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पुढची दोन वर्षं आमच्यात हा एकच विषय होता. तिचं भजनी मंडळ इथे, भाजीवाली इथे, चाळीस वर्षांचा शेजार इथे. आणि माझ्याकडे फक्त एक मुद्दा: मी वेळेत पोचू शकत नाही.

मग २०२४ मध्ये पूल सुरू झाला. एमएमआरडीएने बांधलेला, सहा पदरी, लांबी साधारण सव्वा किलोमीटर. काम २०१६ मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे आठ वर्षं आपण नुसते खांब बघत होतो. पहिल्या रविवारी सकाळी मी माजिवड्याहून निघाले, नाशिक हायवेने माणकोली, तिथून उजवीकडे पुलावर, आणि आईच्या दारात पस्तीस मिनिटांत. पुलाच्या मध्यावर मी गाडी हळू केली. खाली खाडी, समोर डोंबिवली. आमची जुनी गच्ची कुठे दिसते का बघितलं. मधे इतके टॉवर उभे राहिलेत की दिसली नाही. पण भूगोलाच्या बाई, मी जाऊन दाखवलं. तीस वर्षं लागली.

आईला हे सांगितलं. तिने शांतपणे चहा गाळला आणि म्हणाली, "आता तू येऊ शकतेस ना? मग मी कशाला येऊ?" विषय संपला. आई आजही डोंबिवलीत आहे. एका पुलाने आमच्या घरातलं भांडण मिटवलं.

इथे भाषण संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पुलावरचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "स्वप्नपूर्ती". सगळ्यांनी अंगठे दिले. आपल्या वर्गातल्या एकाने दिला नाही. तो रेतीबंदर रोडला राहतो. नाव घेऊ नकोस असं त्याने सांगितलंय, पण तो इथे बसलाय. त्याने मला वेगळा मेसेज केला: "तुझा पूल माझ्या दारात आला. अण्णांना समोरच्या देवळात जायला रस्ता ओलांडता येत नाही. येऊन बघ."

मी गेले. एका सोमवारी, सकाळी साडेआठला, त्याच्या घरी. त्याचे वडील, ज्यांच्याकडे आपण दिवाळीत फराळाला जायचो ते अण्णा, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खाली गाड्यांची रांग. दिवा-वसई मार्गावरचं मोठागावचं रेल्वे फाटक तुम्हाला माहीत आहे. त्या मार्गावर मालगाड्या असतात. फाटक पडलं की पुलाकडे जाणाऱ्या आणि पुलावरून येणाऱ्या गाड्या गल्लीत अडकतात. सहा पदरी पूल, आणि त्याच्या तोंडाशी आपल्या लहानपणीची गल्ली. सायकलसाठी होती ती. अण्णा म्हणाले, "बाळ, आम्हाला पूल नको होता असं नाही. पण पूल बांधणाऱ्याने पूल जिथे संपतो तिथे उभं राहून बघायला हवं होतं."

माझ्या कामाचा हा रोजचा अनुभव आहे. एखादी प्रणाली हळू चालते म्हणून तक्रार येते. तरुण इंजिनिअर उत्साहाने सर्वात मंद भाग शोधतो आणि तो दहापट वेगवान करतो. लोकांना फरक जाणवत नाही, कारण रांग तिथून उठून पुढच्या अरुंद जागी जाऊन बसलेली असते. रांग नाहीशी झालेली नसते, तिने पत्ता बदललेला असतो. आपल्या पुलाचं नेमकं तेच झालं. रांग शिळफाट्यावरून थोडी उठली आणि अण्णांच्या दारात येऊन बसली. ठाण्याच्या बाजूला ती माजिवड्याच्या नाक्यावर, माझ्या दारात बसली आहे, हेही सांगायला हवं.

गणिताचे सर समोर बसलेत म्हणून एक गणित सांगते. १९६८ साली डिट्रिख ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ते मांडलं. समजा रोज सकाळी ४,००० गाड्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जायचंय. दोन रस्ते आहेत. पहिल्यावर आधी अरुंद पूल, मग मोठा रस्ता. दुसऱ्यावर आधी मोठा रस्ता, मग अरुंद पूल. मोठ्या रस्त्याला कितीही गाड्या असल्या तरी ४५ मिनिटं लागतात. अरुंद पुलाला जितक्या गाड्या भागिले १०० इतकी मिनिटं. लोक निम्मे-निम्मे वाटले जातात. पुलावर २,००० गाड्या म्हणजे २० मिनिटं, अधिक ४५, एकूण ६५ मिनिटं. सगळे सारखे. आता कोणीतरी मधे एक झकास जोडरस्ता बांधला, ज्याला वेळच लागत नाही. प्रत्येक जण विचार करतो की पहिल्या अरुंद पुलाने जाऊ, जोडरस्त्याने पलीकडे जाऊ आणि दुसऱ्या अरुंद पुलाने उतरू. सगळ्यांनी तसंच केलं की दोन्ही पुलांवर ४,००० गाड्या. ४० अधिक ४०, म्हणजे ८० मिनिटं. रस्ता वाढला आणि प्रत्येकाचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढला. एकट्याने जुन्या वाटेने जाऊन बघितलं तर ८५, म्हणून परत कोणी फिरत नाही. सर, उत्तर बरोबर आहे ना?

हे गणित सांगण्याचा अर्थ पूल नको होता असा नाही. ज्या मुलीला तीन तास ट्रेलरचा दिवा बघावा लागला ती असं म्हणणार नाही. अर्थ एवढाच की रस्ता एकेकटा मोजता येत नाही. जाळं मोजावं लागतं. पूल, फाटक, गल्ली, नाका हे सगळं एकच काम आहे. त्यातलं एक झालं आणि बाकीची फाइलमध्ये राहिली की ते काम झालं असं म्हणता येत नाही.

आपण याचा दुसरा धडाही गिरवलाय. कल्याणचा पत्रीपूल १९१४ सालचा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तो पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. आपला कोपर पूल २०१९ च्या सप्टेंबरमध्ये बंद केला, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उघडला. दोन्ही पूल धोकादायक झाले होते, बंद करणं योग्यच होतं. पण त्या दोन वर्षांत डोंबिवलीच्या पूर्वेचा माणूस पश्चिमेला जायचा तर ठाकुर्लीवरून. एक पूल बंद झाला की अर्धं शहर अडतं, याचा अर्थ आपण शहर एका खुंटीवर टांगलं होतं. आमच्या क्षेत्रात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि अशी रचना करणाऱ्याला बैठकीत बाहेर उभं करतात.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुलाच्या एका लेनवरून, सगळं सुरळीत असलं तरी, तासाला फार तर दोन हजार गाड्या जातात. बहुतेकांत एक माणूस. गर्दीच्या वेळची एक बारा डब्यांची लोकल चार-पाच हजार माणसं घेऊन जाते. एक लोकल! त्यामुळे कितीही पूल बांधले तरी आपल्या शहराचा बहुतेक भार रुळांवरच राहणार. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, ती कित्येक वर्षं रेंगाळली होती. आणि २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांच्या दारातून माणसं खाली पडली आणि काहींनी जीव गमावला. आपल्यापैकी कोण त्या दारात उभं राहिलेलं नाही? मी उभी राहिले आहे, सबमिशनची फाइल छातीशी धरून. पुलाचं कौतुक करताना ही माणसं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत, कारण माझ्याकडे आज गाडी आहे आणि त्यांच्याकडे नाही.

कामं चालू आहेत. टिटवाळा ते हेदुटणे बाह्यवळण रस्त्याचे काही टप्पे झालेत, काही व्हायचेत. दुर्गाडीला नवा सहा पदरी पूल झालाय. पारसिकच्या डोंगरातून बोगदे काढून ऐरोली-काटई रस्ता येतोय. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब उभे आहेत. मोठागावच्या फाटकावर उड्डाणपुलाची योजना आहे. प्रत्येकाचा फलक वेगळा, प्रत्येकाची तारीख वेगळी. अण्णांनी विचारलं, "यातलं आधी काय होणार?" या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. शहरातल्या माणसाला हे उत्तर मिळायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता मुद्द्यावर येते, कारण जेवणाचा वास इथपर्यंत आलाय. आपल्याकडे एक वाईट सवय आहे, माझ्यासकट. काम सुरू होण्याआधी आपण बोलत नाही, झाल्यावर बोलतो. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर होतो, त्यावर हरकती आणि सूचना द्यायला कायद्याने मुदत दिलेली असते. १९६६ पासून महाराष्ट्रात ही तरतूद आहे. आपल्यातल्या किती जणांनी कधी एक तरी सूचना लिहून दिली? हात वर करा. (इथे तीन हात वर आले. त्यातले दोन बिल्डरांचे होते, अशी नोंद आयोजकांनी करायला सांगितली आहे.)

म्हणून मी आणि रेतीबंदरचा आपला मित्र मिळून एक प्रस्ताव ठेवतोय. आम्ही दोघं एका सकाळी फाटकापाशी वही घेऊन बसलो. फाटक कधी पडतं, कधी उघडतं, किती गाड्या थांबतात, किती माणसं पायी ओलांडतात, ॲम्ब्युलन्स आली तर तिचं काय होतं, हे लिहिलं. आकडे आज सांगत नाही, कारण एका सकाळचे आकडे म्हणजे आकडे नव्हेत, हे सरांनीच शिकवलंय. पण या हॉलमध्ये साठ माणसं आहेत. प्रत्येकाने एकच सकाळ दिली तर दोन महिने रोज नोंद होईल. फाटक, रेतीबंदर रोड, पुलाचं माणकोलीकडचं टोक आणि माजिवडा. त्या नोंदी मी एकत्र करीन, ते माझं काम आहे. आपला वकील मित्र अर्ज लिहील. महापालिकेत नोकरी करणारी मैत्रीण तो कोणत्या खिडकीवर द्यायचा ते सांगेल. मागणी तीनच: फाटकावरच्या पुलाचं काम कोणत्या तारखेपर्यंत होणार ते लिहून द्या, तोवर गर्दीच्या वेळी अवजड वाहनं गल्लीतून सोडू नका, आणि अण्णांना देवळात जाता येईल असं एक ओलांडण्याचं ठिकाण करा, सिग्नलसकट.

तिसरी मागणी सगळ्यात छोटी आहे. कदाचित तीच आधी होईल. झाली तर मी पुन्हा फोटो टाकीन. या वेळी त्याने अंगठा द्यायचा, असं ठरलंय.

वही नोंदणीच्या टेबलापाशी, बाईंच्या खुर्चीजवळ ठेवली आहे. जेवायच्या आधी आपलं नाव आणि सोयीचा वार लिहा. पहिलं नाव अण्णांचं आहे. ते गॅलरीतून मोजणार आहेत, सोमवार ते शनिवार, पूजा झाल्यावर.